आमच्या होस्टेलचा रेडिओ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, 'तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर दहा मिनिटं बोल.' मी हो म्हटलं. पण आत्ता समोर बघते तर सगळे पंचेचाळिशीचे. निम्म्यांनी चष्मा कपाळावर ढकललाय, आणि एआयबद्दल रोज व्हॉट्सअॅपवर इतकं येतं की माझी भर नको. म्हणून मी रेडिओबद्दल बोलणार आहे. त्यात एक गोष्ट आपल्या वर्गाचीही आहे. ती जिची आहे ती आज इथे चौथ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच सांगते आहे. फक्त नाव घ्यायचं नाही, अशी तिची अट आहे.

आपल्या सगळ्यांच्या घरी सकाळी सांगली आकाशवाणी लागायची. आंघोळ, डबा, वेण्या, सगळं त्या घड्याळावर. १९६३ साली सुरू झालेलं हे केंद्र, मध्यम लहरी, १२५१ किलोहर्ट्झ. साताऱ्यात बसून सांगली इतकी स्वच्छ कशी ऐकू येते, हे कोडं मला इंजिनिअरिंगला गेल्यावर सुटलं. मध्यम लहरी जमिनीला धरून चालतात. डोंगर, खिंड आडवी आली तरी वळसा घालून पुढे जातात. एफएमचं तसं नाही. एफएमच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये अजिंक्यताऱ्यासारखा डोंगर उभा राहिला की पलीकडे खरखर. म्हणजे मध्यम लहरींचं केंद्र चार जिल्ह्यांचं असू शकतं, आणि छोटं एफएम केंद्र हे एका पंचक्रोशीचं असतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या वर्गाची गोष्ट. आठवीत एक मुलगी आपल्या वर्गात नवीन आली. माण तालुक्यातली. साताऱ्यात मामाकडे राहायची. पहिल्याच आठवड्यात तिला धडा वाचायला उभं केलं. तिने 'पाणी'ला 'पानी' म्हटलं, 'आणि'ला 'आनि'. सगळा वर्ग हसला. बाई रागावल्या, आपण गप्प झालो. पण त्यानंतर तिने वर्षभर आपण होऊन हात वर केला नाही. गंमत बघा, त्याच वर्षी ऑफ तासाला बाई आपल्याला व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' वाचून दाखवत होत्या आणि आपण जीव कानात आणून ऐकत होतो. पुस्तकातला माणदेश आवडत होता. बाकावर शेजारी बसलेला माणदेश मात्र हसण्यावारी नेत होतो. हसणाऱ्यांत मीही होते.

पुढे आम्ही दोघी योगायोगाने सांगलीजवळच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात लागलो. मी कॉम्प्युटरला, ती सिव्हिलला. १९९८ साल. होस्टेलला फोन एकच, रेक्टर मॅडमच्या खोलीबाहेर, आणि त्यापुढे रविवारी रात्री रांग. मोबाइल नाही. इंटरनेट म्हणजे गावातल्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून, तेही पान उघडेपर्यंत अर्धा तास गेलेला.

इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींनी एफएम ट्रान्समीटर बनवायचं ठरवलं होतं. एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची कॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी. ते चाललंही, पण शेजारच्या खोलीपर्यंतच. आणि सरांनी सांगितलं की परवान्याशिवाय हवेत असं काही सोडणं हा गुन्हा आहे. तेव्हा कॉलेजांना रेडिओचा परवाना मिळतच नव्हता. मग आम्ही तारेचा रेडिओ केला. गॅदरिंगला वापरायचा अॅम्प्लिफायर, एक माइक, एक डबल कॅसेट टेपरेकॉर्डर, एक कर्णा मेसमध्ये आणि एक जिन्यात. रोज संध्याकाळी सात ते साडेसात. रेक्टर मॅडमनी दोन अटी घातल्या. साडेसातला बंद म्हणजे बंद, आणि परीक्षेच्या काळात अजिबात नाही.

काय असायचं त्यात? पहिली पाच मिनिटं सूचना. उद्या रक्तदान शिबिर आहे, सर्व्हेच्या सबमिशनची तारीख पुढे गेली आहे, अमुक वर्गाची ओरल सोमवारी. सांगली हे नाटकवाल्यांचं गाव, विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' केलं ते इथेच. त्यामुळे गावात कुठलं नाटक लागलंय आणि मुलींना किती वाजेपर्यंत परवानगी आहे, ही सूचना सगळ्या कान देऊन ऐकायच्या. मग गाणी. रोजची फर्माईश सिनेमाची. पण शुक्रवार आम्ही राखून ठेवला होता 'नव्या गाण्या'साठी. आठवड्याला एकीने वर्गणीतून एक नवी कॅसेट आणायची आणि सगळ्यांनी ती मिळून ऐकायची. रहमानचं 'वंदे मातरम्', लकी अलीचं 'सुनो', मिलिंद इंगळेंचं 'गारवा'. हे सगळं माझ्या पिढीने घरच्या टेपवर ऐकलं असेल, आम्ही ते जिन्यात बसून, ताट मांडीवर घेऊन ऐकलं.

निवेदिका मी. शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेली, उच्चार स्पष्ट, त्यामुळे माइक माझ्याकडे येणार हे कुणी ठरवावंही लागलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी टूम काढली, की शुक्रवारी बाजारातलं नवं गाणं कशाला, आपल्यातलंच नवं गाणं लावू. ज्यांना गाता येतं त्यांनी आपलं स्वतःचं काहीतरी आणा. आल्या त्या बहुतेक सिनेमाच्याच चाली होत्या, शब्द बदललेले. आणि मग एका संध्याकाळी ही माझी मैत्रीण खोलीत आली. म्हणाली, 'मी एक म्हणून बघू का?' तिने टेपसमोर बसून ओव्या म्हटल्या. चाल तिच्या आजीची, जात्यावरची. शब्द तिचे स्वतःचे. मेसच्या आमटीत डाळ शोधायला होडी घेऊन निघालेली मुलगी, एम-थ्री नावाच्या विषयाची सासू, आणि शेवटी गावाकडे टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी असलेली आई. आधी आम्ही पोट धरून हसलो आणि शेवटच्या ओवीला गप्प झालो. सगळं तिच्या बोलीत. 'पानी'च.

आणि मी, निवेदिका, काय म्हणाले? म्हणाले, 'फारच छान. पण हे माइकवर जाणार ना, तर जरा शुद्ध करून म्हण. पाणी म्हण. आलंया नको, आलंय म्हण.' मी चार-पाच ठिकाणी पेन्सिलने खुणाही करून दिल्या. तिने माझ्या खुणांप्रमाणे पुन्हा म्हटलं. आणि कॅसेट महाग होती म्हणून मी तेच रेकॉर्डिंग पहिल्यावर केलं. टेप मागे फिरवली, लाल बटण दाबलं, पहिलं पुसलं.

शुक्रवारी ते लागलं. कुणी हसलं नाही आणि कुणी गप्पही झालं नाही. मुली जेवत राहिल्या. पुढच्या शुक्रवारी मी तिला विचारलं, तर म्हणाली, 'सबमिशन आहे.' त्यानंतर ती कर्णा ऐकायला जिन्यात यायची, पण माइकजवळ आली नाही. आठवीतला तो हात दुसऱ्यांदा खाली गेला होता. पहिल्यांदा सगळ्या वर्गाने घालवला, दुसऱ्यांदा मी एकटीने. आणि मला ते तेव्हा कळलंसुद्धा नाही. मी तर तिला मदत केली, असंच समजत होते.

आम्ही बाहेर पडलो आणि मग हळूहळू या देशात कॉलेजचा रेडिओ खरा झाला. त्याची सुरुवात एका निकालाने झालेली होती. ९ फेब्रुवारी १९९५ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या खंडपीठावर आपल्या महाराष्ट्राचे न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. डिसेंबर २००२मध्ये सरकारने शिक्षणसंस्थांना छोटी केंद्रं काढायला मुभा दिली. १ फेब्रुवारी २००४ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठात असं पहिलं केंद्र सुरू झालं. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' १०७.४वर आली. नोव्हेंबर २००६मध्ये हीच मुभा स्वयंसेवी संस्थांनाही मिळाली. त्यातून आपल्या दोन जिल्ह्यांतल्या दुष्काळी पट्ट्यातही केंद्रं आली. जत तालुक्यात जालिहाळला 'येरळावाणी', आणि म्हसवडला २००८पासून माणदेशी फाउंडेशनची 'माणदेशी तरंग', ९०.४.

या केंद्रांची ताकद शंभर वॉट, पल्ला साधारण दहा-पंधरा किलोमीटर. मघाशी म्हटलं ना, पंचक्रोशीचा रेडिओ. धोरणातला नियमच असा की निम्म्याहून कमी नाहीत इतके कार्यक्रम तिथल्या लोकांच्या सहभागातून झाले पाहिजेत, आणि शक्यतो तिथल्या भाषेत, तिथल्या बोलीत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. ज्या बोलीवर मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या, ती वापरा असं सरकारी कागद सांगत होता.

२०१३च्या उन्हाळ्यात तिच्या घरच्या एका लग्नाला आम्ही दोघी साताऱ्याहून निघालो. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी. दुष्काळाचं वर्ष, माणमध्ये चारा छावण्या लागलेल्या. म्हसवड जवळ आलं तसं ड्रायव्हरने रेडिओ लावला. एक बाई बोलत होती. जनावरांचं पाणी, चारा, असं काही. लिहून आणलेलं वाचत नव्हती, ओट्यावर बसून शेजारणीशी बोलावं तसं चाललेलं. आणि मध्येच तिने ओवी म्हटली. नंतर कळलं की या केंद्रावर केराबाई सरगर यांच्यासारख्या शाळेची पायरी न चढलेल्या, मेंढरांमागे फिरलेल्या बाईचाही आवाज लोकांना पाठ आहे. मी ऐकत राहिले. माझी मैत्रीण खिडकीबाहेर बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, 'बघ. हिला कुणी खुणा करून दिल्या नाहीत.'

चौदा वर्षांनी. तोपर्यंत मला वाटत होतं ती विसरली.

मी गाडीतच तिची माफी मागितली. ती म्हणाली, 'अगं, राहू दे. तुला वाटलं ते तू केलंस. पण ते पहिलं तुझ्याकडं असंल तर दे. आजी गेली. तिची चाल मला आता तशी लागत नाही.'

ते माझ्याकडे नव्हतं. मी आजवर हजारो लोकांचा डेटा सांभाळणाऱ्या सिस्टिम्सवर काम केलंय. बॅकअपशिवाय कुणी काही पुसलं तर मी कनिष्ठांना फैलावर घेते. आणि माझ्या मैत्रिणीच्या आजीची चाल मी एका कॅसेटच्या पैशासाठी पुसली होती. दुसरं, शुद्ध केलेलं रेकॉर्डिंग मात्र अजून आहे. मी ते डिजिटल करून तिला पाठवलं. तिने अंगठा पाठवला. ऐकलं का, ते मी विचारलेलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. या मेळाव्यात शाळेला काय द्यायचं, यावर गेले दोन महिने ग्रुपवर चर्चा चालली आहे. वॉटर कूलर, बाकं, स्मार्ट बोर्ड. ते द्याच. माझी एक मागणी आहे. शाळेला रेडिओ द्या. परवान्याचा एफएम नव्हे, त्याला अर्ज, मनोरा, रोजचा खर्च आणि माणसं लागतात, तो आपल्याला झेपणार नाही. आपल्या होस्टेलसारखा, तारेचा. प्रार्थनेचे स्पीकर शाळेत आहेतच. दोन बरे माइक, एक जुना लॅपटॉप, ध्वनिमुद्रणाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. लॅपटॉप मी देते, आणि पहिले सहा महिने महिन्यातून एक शनिवार पुण्याहून येऊन शिकवते. शनिवारी शेवटचा अर्धा तास. आधी शाळेच्या सूचना, मग स्पर्धा, सहली, सामने यांची खबर, आणि शेवटी एक नवं गाणं. बाजारातलं नाही, मुलांचं. ज्याला रॅप करायचाय त्याने रॅप करावा, जिला आजीची ओवी म्हणायचीय तिने ती म्हणावी.

यासाठी माझे नियम दोनच आहेत. पहिला, काहीही पुसायचं नाही. आता जागेला कॅसेटसारखे पैसे पडत नाहीत. दुसरा, आवाज माइकवर जाण्याआधी त्याची भाषा कुणी दुरुस्त करायची नाही. निबंध तपासताना बाईंनी जरूर लाल पेन चालवावं, प्रमाण भाषा यायलाच हवी, तिच्याशिवाय मीही इथे उभी नसते. पण शनिवारच्या अर्ध्या तासात 'पानी' आलं तर ते 'पानी'च जाईल. माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात वर्षानुवर्षं नोकरी केली. त्यांना हे सांगावं लागलं नसतं. मला कळायला चौदा वर्षं आणि म्हसवडचा रस्ता लागला.

चौथ्या रांगेतल्या बाईंना मी परवा विचारलं, की उद्घाटनाच्या शनिवारी तू माइकवर येशील का. त्यांचं उत्तर तुम्हाला जसंच्या तसं सांगते, दुरुस्ती न करता : 'बघू. आधी पोरांना बोलू दे.'

म्हणजे नाही म्हटलेलं नाही.