भिंतीवरचा जागल्या

भातकुलीच्या परिसरांत अध्यापन करीत असतां एक अनुभव मला नेहमीं येई. परीक्षेच्या वेळीं मी मुलांच्या पाठीमागें जाऊन उभा राहिलों, कीं वर्ग आपोआप शांत होई. मास्तर कोणाकडे पाहत आहेत हें मुलांना कळत नसे; तेंच माझें बळ. आज हें काम भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे गेलें आहे.

या यंत्राचा जन्म बाजारासाठीं झालेला नाहीं. १९४२ सालीं जर्मनींत पेनेम्युंडे येथें अग्निबाणाचें उड्डाण सुरक्षित अंतरावरून पाहतां यावें म्हणून असे कॅमेरे योजिले गेले. पुढें चित्रें फितीवर साठूं लागलीं. चित्रांचे आंकडे करून ठेवण्याची डिजिटल पद्धति आल्यावर तर साठवण स्वस्त झाली, शोध सोपा झाला आणि येथलें दृश्य दूरच्या गांवीं तत्क्षणीं दिसूं लागलें. त्यामुळें बँक, दवाखाना, सराफी पेढी, आमच्या वऱ्हाडांतील जिनिंगचा कारखाना, सर्वत्र त्याचा संचार झाला. रोकड मोजणाऱ्याला तो साक्षीदार, तर कापसाच्या गंजीजवळचा धूर दाखविणारा जागल्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईनें शहरभर असें जाळें उभारण्याचें ठरविलें; २ ऑक्टोबर २०१६ रोजीं त्याचें लोकार्पण झालें, तेव्हां त्यांत साडेचार हजारांहून अधिक कॅमेरे होते.

ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरच्या एका शाळेंत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचें उघडकीस आलें. त्याच महिन्यांत राज्य शासनानें शाळांना कॅमेरे बसविण्यासाठीं एका महिन्याची मुदत दिली. आदेश योग्यच होता. पण यंत्र बसविलें म्हणजे कर्तव्य संपलें, असें नव्हे.

दोन वर्षांपूर्वीं एका दुकानासमोरून माझी सायकल चोरीस गेली. वर कॅमेरा होता. परंतु मी चौकशीस गेलों तोंवर पंधरा दिवस लोटले होते आणि जुन्या चित्रांवर नवीं चित्रें चढलीं होतीं. साठवणीची जागा भरली, कीं हें यंत्र जुनें पुसून नवें लिहितें. सायकलीचें सोडा, एखाद्या बालकाची साक्ष अशीच पुसली गेली तर?

हा धोका ओळखूनच सर्वोच्च न्यायालयानें २ डिसेंबर २०२० रोजीं प्रत्येक पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण निदान एक वर्ष जपून ठेवण्यास सांगितलें. पहारेकऱ्यावरही पहारा हवा, हें त्यांतलें मर्म. त्याच न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला आहे. तेव्हां शेजाऱ्याच्या अंगणांत डोकावणारा कॅमेरा हा आपल्या घराचा पहारा होऊं शकत नाहीं.

पालकांनीं शाळेंत जाऊन तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: हीं चित्रें कोण पाहतो, किती दिवस राखतो आणि यंत्र बंद पडल्यास तें कोणाच्या ध्यानांत येतें? उत्तर देणारा माणूस समोर उभा राहिला, तर तुमचें मूल सुरक्षित आहे असें समजण्यास कांहीं आधार आहे.