हिमवादळाची पूर्वसूचना आणि आपले यात्रेकरू

(वेळापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



वेळापुरात बसून बर्फाचा विचार कशासाठी करावयाचा, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. माळशिरस तालुक्याला चिंता असते ती पावसाची आणि नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याची. तथापि सोलापूर जिल्ह्यातील माणसे केदारनाथ-अमरनाथाच्या यात्रेस जातात, हिवाळी सुटीत मनालीची सहल काढतात. ज्यांनी बर्फ कधी पाहिला नाही, त्यांनाच त्याचे ज्ञान अधिक आवश्यक आहे.

१९९६ च्या ऑगस्ट महिन्यात अमरनाथच्या वाटेवर अवेळी हिमवादळ झाले आणि दोनशेहून अधिक यात्रेकरू मृत्युमुखी पडले. त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येस मर्यादा घालण्याची शिफारस केली. आज या यात्रेसाठी नोंदणी आणि आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचे आहे. सुमारे ३,९०० मीटर उंचीवर ऐन श्रावणातही हिवाळा अवतरू शकतो, हा त्या दुर्घटनेचा धडा होय.

हिवाळ्यातील हिमवृष्टी बहुधा पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभामुळे होते. त्याची वाटचाल उपग्रहाद्वारे टिपता येते. म्हणून काही दिवस आधी इशारा देणे शक्य होते. भारतीय हवामानशास्त्र विभाग हा इशारा रंगांनी देतो. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि लाल म्हणजे तत्काळ कृती करा. या विभागाचे मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले. तेथील इमारतीस लोक आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

परंतु इशारा मिळणे आणि तो पाळणे यांत मोठे अंतर असते. गाडीचे भाडे भरलेले, परतीचे आरक्षण झालेले, रजा संपत आलेली; अशा वेळी ‘आता आलोच आहोत तर जाऊन येऊ’ हा मोह बळावतो. माउलींची पालखी वेळापुरी मुक्कामास येते, तेव्हा समाजआरतीला चोपदाराने दंड उंचावताच हजारोंचा टाळमृदंग क्षणात थांबतो. कोणी कारण विचारीत नाही. हिमालयात जाणाऱ्या प्रत्येक तुकडीलाही असा एक चोपदार हवा. थांबण्याचा निर्णय कोण देणार हे गाव सोडण्यापूर्वीच ठरवावे, आणि दोन दिवसांचा अवधी व तेवढा खर्च राखून ठेवावा.

सुती वस्त्र भिजले की ऊब देत नाही; म्हणून आत लोकरीचे थर व वर पाणी न शिरणारा अंगरखा असावा. प्रवास दिवसाउजेडी करावा. चाकांना साखळ्या लावाव्यात, वेग मंद ठेवावा, एकाएकी ब्रेक दाबू नये. ताज्या हिमवृष्टीनंतरच्या चोवीस तासांत तीव्र उतारांवरून हिमकडे कोसळण्याचा धोका फार असतो. आकाश निवळले म्हणजे वाट निर्धोक झाली, असे समजू नये.

गाडी बर्फात अडकल्यास ती सोडून भटकू नये. मात्र धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली नाही ना, हे पाहिल्याखेरीज इंजिन चालू करू नये, आणि काच किंचित उघडी ठेवावी. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या मोटारींत वीसहून अधिक माणसे दगावली. थंडीइतकाच गाडीतला विषारी वायूही तेथे घातक ठरला. गारठलेल्यास मद्य देऊ नये, त्याचे हातपाय बर्फाने चोळू नयेत; कोरडे कपडे घालून, पांघरूण देऊन हळूहळू ऊब द्यावी.

ग्रामपंचायतीने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तुकडीची नावे, मार्ग आणि दूरध्वनी क्रमांक नोंदवून ठेवावेत. शिक्षकांनी इशाऱ्यांच्या रंगांचा अर्थ मुलांना शिकवावा. मुले तो घरी सांगतील. संकटात ११२ हा क्रमांक देशभर चालतो, तर जिल्हा नियंत्रण कक्षासाठी १०७७ हा क्रमांक आहे.

वाटेतून परत फिरलेल्या यात्रेकरूला गावाने कमी लेखू नये. त्याने आपल्याबरोबर इतरांचेही प्राण राखलेले असतात. देवदर्शन पुढील वर्षीही घडेल. त्यासाठी माणूस सुखरूप घरी परतला पाहिजे.