डोंगरी सायकल हलकी करताना



वसंत व्याख्यानमालेत संतवाङ्मय, इतिहास, अर्थकारण असे विषय यावयाचे. त्यांच्या रांगेत यंदा चालकांनी सायकल आणून उभी केली आहे. विषय लहान आहे, असे आम्ही त्यांना सांगून पाहिले. त्यावर ते म्हणाले की, शर्यतीच्या सायकलीसाठी घरोघरी पोरे हट्ट धरून बसली आहेत, आणि पैसे जातात ते आईबापांचे. तेव्हा आईबापांना काही सांगा. म्हणून आज पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या वडीलधाऱ्यांशी आम्ही बोलणार आहोत. पोरांनी मागे उभे राहून ऐकावे.

डोंगरी सायकल ही चीज फार जुनी नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या मरिन परगण्यात टॅमलपेस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काही वर्षांत तेथील तरुण मंडळी जुन्यापुराण्या, जाड टायरांच्या सायकली वर चढवून नेत आणि कच्च्या वाटेने सुसाट खाली येत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी त्याच परगण्यात पहिली शर्यत लावली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबात असे, पायडल उलटे दाबले की लागे. उतारावर तो हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. यावरूनच त्या उताराचे 'रीपॅक' असे नाव पडले. पुढे याच मंडळींतील जो ब्रीझ वगैरेंनी डोंगरासाठी म्हणून खास फ्रेमी बांधल्या, आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये या शर्यतीला प्रवेश मिळाला. ही हकीकत सांगण्याचे कारण एवढेच की, या सायकलीचा जन्म जड सायकलीपासून झाला आहे. हलकेपणा मागाहून आला. ब्रेकचा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासूनचा आहे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. वऱ्हाडात सायकलीला दोन जमिनी भेटतात. पूर्णेच्या खोऱ्यात कपाशीची काळी जमीन, आणि उत्तरेला सातपुड्यात, गाविलगडाच्या रांगेत, मुरूम आणि काळा पत्थर. अमरावतीकरांना पोहऱ्याचे रान आणि चिखलदऱ्याची चढण, अकोलेकरांना पातूरचा घाट आणि वर नरनाळ्याकडचा प्रदेश. (मेळघाटचे जंगल १९७३-७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, सराव करावयाचा तो सार्वजनिक रस्त्यांवर आणि गावच्या पांदणीत. वाघाच्या घरात शिरून मोडता घालण्याचे काही कारण नाही.)

काही वर्षांपूर्वी आम्ही एक सायकल फार खटपटीने हलकी केली होती. चौदा किलोंची ती बारावर आणली. कॅरिअर, स्टँड काढले, सीटचा दांडा बदलला, हँडल बदलले, बारीक नक्षीचे पातळ टायर चढविले. पावसाळ्याच्या तोंडी एका सकाळी तिला घेऊन पूर्णेकाठच्या एका पांदणीत शिरलो. रात्री सर येऊन गेली होती. शंभर पावले गेलो नाही तोच काळी माती टायरांना धरू लागली, टायरावरून फ्रेमीत, फ्रेमीतून ब्रेकपाशी. चाके फिरेनात, नुसती घसटू लागली. शेवटी सायकल खांद्यावर घेतली. दोन किलो काढले होते त्याच्या दुप्पट माती तिने सहज उचलली असेल. समोरून बैलगाडी घेऊन एक शेतकरी येत होते. ते थांबले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "काऊन बाप्पा, तुमी सायकलीवर बसता का सायकल तुमच्यावर बसते?"

त्या दिवसापासून आमची समजूत पालटली. दुकानातील काट्यावर जे वजन दिसते ते एक, आणि शर्यतीच्या शेवटच्या रेषेवर आपण जे घेऊन पोचतो ते दुसरे. शर्यत या दुसऱ्या वजनावर जिंकली जाते, आणि वऱ्हाडात या दोहोंमध्ये माती, काटे आणि ऊन उभे असतात.

म्हणून सायकल निवडताना प्रथम फ्रेमीकडे पाहा, आणि तिच्या वजनापेक्षा तिच्यातील मोकळ्या जागेकडे पाहा. मागचा टायर आणि फ्रेमीच्या नळ्या यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी बोट सहज फिरले पाहिजे. पुढच्या चिमट्याचीही तीच गोष्ट. ज्या फ्रेमीत टायर जेमतेम बसतो ती पुण्याच्या डांबरी रस्त्यावर शोभेल, आपल्या पांदणीत ती दुसऱ्याच वळणावर जाम होईल.

दुसरे म्हणजे माप. उंची पाहून फ्रेम घ्यावी. 'पुढे वाढेल, मोठीच घेऊ' हा शर्टाचा न्याय येथे लावू नये. मोठ्या फ्रेमीवर पोर ताणून बसते, पाठ धरते, उतारावर हँडल हाती राहत नाही.

तिसरी गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. हँडलखालची नळी वर अरुंद आणि खाली रुंद अशी निमुळती आहे का, आणि चाकाचा आस नुसता अडकविलेला आहे की आरपार जाणारा आहे, हे पाहावे. फ्रेम अशी नव्या पद्धतीची असेल तर आज साधा चिमटा घेऊन पुढे पैसे जमतील तेव्हा हवेचा हलका चिमटा बसविता येतो. स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा अडीच किलोंच्या घरात भरतो, बरा हवेचा दीड-पावणेदोन किलोंत येतो. एवढे वजन एका झटक्यात उतरविणारी दुसरी वस्तू सायकलीवर क्वचितच असेल. नळी जुन्या पद्धतीची सरळ असली तर पुढे मनासारखा चिमटा मिळणे कठीण होते. ज्याच्याजवळ पैसा थोडा त्याने फ्रेम उत्तम आणि बाकीचे साहित्य मध्यम घ्यावे. उलट करू नये.

मागच्या चाकालाही धक्के शोषणारी यंत्रणा हवी का? तिने वजन दीड-दोन किलोंनी वाढते आणि किंमत त्याहून अधिक वेगाने वाढते. पण २०१२ च्या लंडन ऑलिंपिकची गोष्ट ऐका. शेवटी चुरस दोघांत होती: स्वित्झर्लंडचा निनो शूर्टर, मागे काही यंत्रणा नसलेल्या, हलक्या सायकलीवर, आणि चेक देशाचा यारोस्लाव कुल्हावी, मोठ्या २९ इंची चाकांच्या, दोन्हीकडे धक्के शोषणाऱ्या सायकलीवर. कुल्हावी एका सेकंदाने जिंकला. २०१६ साली रिओमध्ये शूर्टरने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्याच्याही सायकलीला मागे ती यंत्रणा होती. दगडधोंड्यांवर चाक जमिनीला चिकटून राहिले तर जास्तीचे वजन भरून निघते. तरीही आमच्या मते पहिल्या सायकलीला ती नको. तिचे सांधे आणि छर्रे काळ्या मातीत लवकर खडखडू लागतात, आणि त्यांची दुरुस्ती गल्लीतल्या दुकानात होत नाही.

आता वजनाचा हिशेब मांडू. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना आपण सुमारे सातशे मीटर उंची घेतो. स्वार बासष्ट किलोंचा, सायकल तेरा, आणि कपडे, बूट, पाणी मिळून तीन. एकूण ७८ किलो. हे वजन सातशे मीटर उचलण्यास, सतत २०० वॅट शक्ती लावणाऱ्या तरुणाला, वारा आणि घर्षण सोडून साडेचव्वेचाळीस मिनिटे लागतील. त्यातून एक किलो कमी केला तर वाचतात सुमारे ३४ सेकंद. शर्यत एका सेकंदाने जाते हे आताच ऐकलेत, तेव्हा ३४ सेकंदांना हसू नये. पण एक पंक्चर काढण्यास हात कितीही सराईत असला तरी चार-पाच मिनिटे जातात. म्हणजे सात-आठ किलो वजन काढून जे मिळवावे ते एक सराटा हिरावून नेतो.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी रुपयांना ग्रॅमांनी भागावे. चार हजारांची वस्तू चारशे ग्रॅम वाचवीत असेल तर ग्रॅमला दहा रुपये पडले. या भागाकाराने पुष्कळ मोह आपोआप गळून पडतात. स्टँड, कॅरिअर, मडगार्ड काढण्यास तर पैसाही लागत नाही. (घंटी मात्र रस्त्यावर असू द्यावी, आपल्या गावांत ती लागते.) त्यानंतर पुढच्या तीन दातेरी चक्रांऐवजी एकच ठेवून मागे मोठी चक्रे बसवावी. पुढचा गिअर बदलणारा सांगाडा, त्याची तार, हँडलवरचा खटका आणि दोन चक्रे मिळून तीन-चारशे ग्रॅम जातात, आणि चिखलात अडकणारी एक जागा कमी होते, हा त्याहून मोठा लाभ. पुढे ३२ दाते आणि मागे ५० असले म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यात चाक दोन तृतीयांशाहूनही कमी फिरते. तेवढ्यावर बहुतेक चढणी बसूनच चढता येतात.

खरी मेख चाकांत आहे. चाकाच्या कडेचे वजन वेग घेताना जवळजवळ दुप्पट जाणवते, आणि डोंगरी शर्यतीत वळणागणिक वेग घ्यावा लागतो. त्यामुळे टायर हलके करावे असे सगळेच सांगतात. स्वस्त सायकलीचा टायर कडेला तारेचा असतो, आठशे ग्रॅमांपुढे भरतो. घडी घालता येणारा घेतला तर प्रत्येकी शे-दीडशे ग्रॅम वाचतात. येथवर ठीक. पण त्याखाली उतरून कागदासारखे पातळ टायर घेतले की आपला मुलूख हिसका दाखवितो. पावसाळा सरला की बांधाबांधावर सराटे पडलेले असतात, कुंपणावरची बाभूळ वाटेवर काटे टाकीतच असते, आणि सातपुड्यातला फुटका काळा पत्थर टायराची बगल कापतो.

यावर उपाय ट्यूब काढून टाकण्याचा आहे. रिमला हवाबंद पट्टी लावून टायर थेट तिच्यावर बसवितात आणि आत रबराच्या चिकाचे पातळ द्रावण ओततात. काटा शिरला की ते द्रावण भोकाकडे धावते आणि तेथेच गोठते. २९ इंची ट्यूब दोनशे ग्रॅमांच्या वर, द्रावण शंभराच्या आसपास. म्हणजे चाकामागे शंभर ग्रॅम कमी झाले आणि पंक्चरही टळले. शिवाय हवा वीस ते पंचवीस पौंडांवर ठेवता येते, त्यामुळे टायर मुरमावर पसरून पकड घेतो. वजन कमी होऊन भरवसा वाढावा असा हा एकच व्यवहार आम्हांला सापडला. त्यालाही दोन अटी आहेत. आपल्या उन्हाळ्यात ते द्रावण लवकर सुकते. दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून पाहावे. आणि कापलेली बगल ते सांधीत नाही. म्हणून टायराची बगल मजबूत घ्यावी, आणि सोबत एक ट्यूब, पंप व ठिगळाचे साहित्य असावेच. आंतरराष्ट्रीय नियमांच्या डोंगरी शर्यतीत ठरवून दिलेल्या जागेखेरीज बाहेरची मदत चालत नाही. नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेच्या या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत एकट्याने पुरी करून आले, त्याचा विदर्भाला अभिमान आहे. पण त्या शर्यतीत मागून मदतीची गाडी चालते. डोंगरी वाटेवर स्वाराचे दुकान स्वाराच्या खिशात.

काही वस्तूंना हात लावू नये. एडी मेर्क्सने १९७२ साली मेक्सिको शहरात तासाचा विक्रम केला तेव्हा त्याची सायकल सहा किलोंहून कमी होती; साखळीलासुद्धा भोके पाडली होती. ती गुळगुळीत धावपट्टीवर एका तासापुरती. तेव्हापासून भोके पाडण्याचे वेड गेलेले नाही. ब्रेकच्या दांडीला घरी ड्रिलने भोके पाडलेली एक सायकल आम्ही अमरावतीतच पाहिली, आणि त्या मुलाला चिखलदऱ्याचा उतार उतरू नकोस म्हणून हात जोडले. ब्रेकची चकती लहान घेतली की काही ग्रॅम कमी होतात हे खरे. पण लांब उतारावर लहान चकती लवकर तापते, आणि मग आपलेही 'रीपॅक' व्हावयाचे. पुढे १८० मिलिमीटरची चकती असू द्यावी. सडक-सायकलीला किमान ६.८ किलोंचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, डोंगरी सायकलीला तसा नाही. येथे मर्यादा आपली आपणच घालावयाची आहे.

पाण्याचेही तेच. लिटरभर पाणी म्हणजे किलो. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. अशा दिवसांत वजनासाठी अर्धी बाटली ओतून देणारे शूर आम्ही पाहिले आहेत. त्यांतील एकाला पातूरच्या वाटेवर लिंबाखाली निजवून ओल्या पंचाने पुसावे लागले.

राहता राहिला स्वार. ७८ किलोंत ६२ त्याचे आहेत. ज्या अमरावतीत १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शरीरे घडवीत आहे, आणि ज्याच्या पथकाने १९३६ साली बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखविले, त्या गावात हे अधिक बोलणे नको. मात्र उपाशी राहून वजन उतरविणाऱ्या पोरांकडे आयांनी लक्ष ठेवावे. भाकरी सुटली की दोनशे वॅटही सुटतात, आणि वरचा सारा हिशेब दोनशे वॅटांवर मांडलेला आहे.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. आमची सायकल बाहेर कडुनिंबाखाली उभी आहे. वजन पावणेतेरा किलो, म्हणजे मघाच्या त्या बारा किलोंच्या सायकलीहून अधिकच. ज्यांना उचलून पाहावयाची असेल त्यांनी अवश्य उचलावी. पुढच्या टायरात दोन सराटे अजून तसेच आहेत. ते मात्र कोणी उपसू नयेत, आम्हांला घरी जावयाचे आहे.