अग्निबाण पाहावयास जाताना
(पालक मेळाव्यातील भाषण)



नवेगाव बांध, नागझिरा, फार तर नागपूर, ही सहलीची ठिकाणे आता आपल्या मुलांना तोंडपाठ झाली आहेत. यंदा आठवी-नववीच्या मुला-मुलींनी निराळीच मागणी केली आहे. त्यांना अग्निबाण उडताना प्रत्यक्ष पाहावयाचा आहे. हा बालहट्ट म्हणून सोडून देण्यासारखा विषय नाही. म्हणून त्याचा जमाखर्च आपणांपुढे मांडण्यास मी उभा आहे.

आपल्या देशाचे उपग्रह आंध्र प्रदेशातील श्रीहरिकोटा बेटावरून सोडले जातात. पूर्वेस बंगालचा उपसागर, पश्चिमेस पुलिकत सरोवर, अशी ही जागा आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे तेथून पूर्वेकडे झेपावणाऱ्या अग्निबाणाला सेकंदास सुमारे ४५० मीटरचा वेग आयताच मिळतो, आणि जळून गेलेले टप्पे वस्तीवर न पडता समुद्रात पडतात. भूगोलाचा हा धडा मुले पुस्तकात वाचतात. तेथे तो डोळ्यांनी दिसेल.

आता प्रवासाचे पाहू. गोंदियाहून नागभीडमार्गे बल्लारशाह गाठावे किंवा सरळ नागपूरला जावे. तेथून चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीने गुडूर, आणि पुढे सुल्लुरपेटा. सुल्लुरपेट्याहून सरोवर ओलांडून जाणारा सुमारे २० किलोमीटरचा रस्ता आहे. सर्वसामान्य नागरिकांसाठी २०१९ पासून तेथे प्रेक्षक गॅलरी सुरू झाली आहे. 'इस्रो'च्या संकेतस्थळावर प्रत्येकाची नावनिशी नोंदवावी लागते व दारावर ओळखपत्र दाखवावे लागते.

खरी अडचण इथेच आहे. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. गॅलरीची नोंदणी मात्र उड्डाणाच्या थोडेच दिवस आधी सुरू होते. त्यातून तारीखही पुढे जाऊ शकते. चांद्रयान-२ चे उदाहरण घ्या. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी ते निघावयाचे होते. अवघी ५६ मिनिटे उरली असता तांत्रिक बिघाडामुळे गणती थांबविण्यात आली, आणि यान २२ जुलैला दुपारी निघाले. दुरून आलेल्या माणसाला आठवडाभर मुक्काम कसा परवडावा?

"मग पैसे पाण्यात गेले तर?" असा प्रश्न काही पालकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. त्यावर माझी आखणी अशी. मुले २०, शिक्षक ३, त्यांत एक शिक्षिका. ऑक्टोबर ते डिसेंबर हा तिकडचा पावसाळा, म्हणून ते महिने टाळावेत. परतीची तिकिटे दोन दिवस राखून काढावीत. गॅलरीत नाव नोंदले गेल्याशिवाय गोंदिया सोडू नये. इतके करूनही उड्डाण लांबलेच, तर पुलिकतचे रोहित पक्षी, नेलापट्टूचे पक्षी अभयारण्य आणि चेन्नईचे तारांगण पाहून परतावे. सारसाच्या जिल्ह्यातील मुलांना तेही परके वाटणार नाही.

आणि उड्डाण झालेच, तर काय दिसेल? प्रथम डोळे दिपविणारा जाळ, तोही अगदी निःशब्द. आवाजाला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. म्हणून अग्निबाण बराच वर गेल्यावर गडगडाट कानी येतो. प्रकाश आणि ध्वनी यांच्या वेगातील फरक फळ्यावर लिहून मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. तो छातीवर आदळल्यावर मुले जन्मभर विसरणार नाहीत.

मित्रांनो, थांबलेली गणतीसुद्धा शिकविते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेला एसएलव्ही-३ समुद्रात कोसळला. प्रकल्पाचे संचालक होते रामेश्वरमचे अब्दुल कलाम. वार्ताहरांपुढे त्या अपयशाची जबाबदारी 'इस्रो'चे अध्यक्ष सतीश धवन यांनी स्वतःवर घेतली. १८ जुलै १९८० रोजी तोच अग्निबाण यशस्वी झाला, तेव्हा धवन यांनी कलामांना पुढे केले. आज त्या केंद्राला धवन यांचेच नाव आहे. परीक्षेत एकदा नापास झालेल्या मुलाला घरी बसवू पाहणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

शेवटी मुलींच्या पालकांना एक विनंती. २० जागांपैकी १० मुलींसाठी ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. मुलांची संमतीपत्रे भराभर आली; मुलींची आतापर्यंत तीनच आली आहेत. दूरचा प्रवास, रात्रीची गाडी, ही आपली काळजी मी समजू शकतो. म्हणूनच शिक्षिका सोबत आहेत, आणि एखाद्या मातेस स्वखर्चाने यावयाचे असल्यास तिचे स्वागत आहे. चांद्रयान-२ च्या प्रकल्प संचालक एम. वनिता आणि मोहीम संचालक रितू करिधाल या दोघीही स्त्रियाच. त्यांनाही कोणीतरी प्रथम घराबाहेर पाठविलेच असेल.

उरलेल्या सात जागा मी रिकाम्या ठेवल्या आहेत. त्या मुलांना देऊन टाकण्याची वेळ आपण माझ्यावर आणू नये, एवढेच मागणे आहे.

जय हिंद!