पायवाटेलाही मेंटेनन्स लागतो
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सोसायटीच्या एका ज्येष्ठ सभासदांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कालच सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "काका, पंधरा मिनिटं बोला. पण लिफ्ट, पार्किंग आणि पाण्याची टाकी सोडून बोला." म्हणून मी डोंगरावर बोलणार आहे. तरी मेंटेनन्सचा विषय येणारच, त्याला माझा इलाज नाही.

1999 साली आपल्याला फ्लॅटचे ताबे मिळाले, तेव्हा ए विंगच्या गच्चीवरून पूर्वेकडची डोंगररांग सरळ दिसायची. शहा डोंगरावरचा चांदबिबीचा महाल तर चहा पिता पिता दिसायचा. आता मध्ये चार इमारती झाल्या, त्यामुळे आपल्या मुलांना तो महाल फक्त सहलीतून माहीत आहे. खरं म्हणजे तो चांदबिबीचा नाहीच. ती निजामशाहीतला वजीर सलाबतखान याची अष्टकोनी, तीन मजली कबर. पण लोकांच्या तोंडी चांदबिबीचं नाव बसलं ते बसलं. तसं नगर आता 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालं, तरी एसटी स्टँडवर "नगर, नगर" हीच हाक ऐकू येते.

ही जी रांग आहे तिला आपण गर्भगिरी म्हणतो. डोंगरगण, मांजरसुंबा, गोरक्षनाथ गड, आगडगाव, करंजीचा घाट, वृद्धेश्वर, पुढे मढी आणि मायंबा. एवढी सगळी ठिकाणं या डोंगरांच्या अंगाखांद्यावर आहेत. ही रांग म्हणजे मोठा पाणलोट आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी गोदावरीला जातं, दक्षिणेच्या उतारावरचं सीनेतून भीमेला आणि पुढे कृष्णेला. एकाच ढगातले दोन थेंब इथे एकमेकांचा निरोप घेतात, ते थेट बंगालच्या उपसागरातच भेटतात.

आणि ही नाथांची रांग. मच्छिंद्रनाथांच्या झोळीत सोन्याची वीट होती, ती गोरक्षनाथांनी फेकून दिली आणि गुरूला सगळा डोंगरच सोन्याचा करून दाखवला, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. मी ट्रेकला येणाऱ्या मुलांना तिचा माझा अर्थ सांगतो : पाठीवरचं ओझं कमी करा, डोंगर आपोआप सोन्याचा दिसतो. एका पोराने सॅकमध्ये इस्त्री केलेले दोन शर्ट आणले होते, त्याला ही गोष्ट दोनदा सांगावी लागली.

लांबचं चालणं आपल्याला नवीन नाही. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला निघते ती आपल्या नगरवरूनच जाते. आपल्यापैकी कितीतरी जणांनी वारकऱ्यांना चहा-नाश्ता दिला आहे. मढीच्या यात्रेला तर होळीपासून पाडव्यापर्यंत माणसं येत राहतात, आणि जुन्या पिढीतले पुष्कळ लोक डोंगरवाटांनी पायीच जायचे. पायवाट म्हणजे फक्त रस्ता नव्हता. कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यातही पाणी असतं, कोणत्या वस्तीवर रात्री थारा मिळतो, आग्यामोहोळ कुठल्या कड्याला असतं, हे सगळं त्या वाटेबरोबर शिकलं जायचं.

आता एक प्रसंग सांगतो. इथे बसलेल्या काहींना तो आठवेल. काहींनी तो मला विसरूच दिला नाही.

2001 चा श्रावण. आपण सोसायटीतले अकरा जण, त्यात पाच मुलं, डोंगरगणला गेलो. रामेश्वराचं दर्शन घेतलं, धबधब्यात मुलं भिजली, मांजरसुंबा गड चढलो. तिथून सगळ्यांनी खाली उतरून घरी जायचं ठरलं होतं. पण मी म्हणालो, "डोंगरावरून गोरक्षनाथ गडापर्यंत जाऊ. मला वाट माहीत आहे." मला वाट माहीत नव्हती. दहा वर्षांपूर्वी एकदा दुसऱ्याच्या मागे मागे गेलो होतो, एवढंच. दुसऱ्याच्या मागे चालणं म्हणजे वाट माहीत असणं नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

पाचच्या सुमारास धुकं उतरलं. समोरचा माणूस दिसेना. गुरांच्या पावलांनी पडलेल्या दहा वाटा आणि सगळ्या सारख्याच. आम्ही एकीवरून उतरलो, ती कड्यावर संपली. परत वर. तेवढ्यात सी विंगचे आपले काका खाली बसले. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतोय. ते मधुमेही, सकाळी इन्शुलिन घेतलेलं आणि दुपारचा डबा मुलांना वाटून टाकलेला. आमच्याजवळ खायला काही शिल्लक नव्हतं. मोबाइल तेव्हा आपल्या सोसायटीत मोजून तीन, त्यातला एकही आमच्याजवळ नाही.

मी त्या दिवशी जेवढा घाबरलो, तेवढा नंतर माझ्या स्वतःच्या बायपासच्या वेळीही घाबरलो नाही. पाच पोरं माझ्याकडे बघत होती. मी ओरडलो, जोरजोरात हाका मारल्या. खूप वेळाने खालून कुत्रं भुंकलं आणि मग एक म्हातारे धनगरबाबा खांद्यावर घोंगडी टाकून वर आले. त्यांनी काहीच विचारलं नाही. काकांकडे बघितलं आणि कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून त्यांच्या तोंडात घातला. मग पुढे झाले. अंधारात, ओल्या दगडांवरून, बॅटरीशिवाय त्यांनी आम्हाला खाली आणलं. मध्ये मध्ये थांबून हाताने दाखवायचे, "हितं दगडावर दगड हाय. आमच्या आज्यानं ठिवलेला." दर थोड्या अंतरावर तशी दगडांची चवड होती. आम्ही दिवसाउजेडी तिच्या शेजारून गेलो होतो आणि आम्हाला ती दिसली नव्हती.

रात्री साडेअकराला गेटवर आलो, तेव्हा सगळी सोसायटी खाली उभी होती. त्या पाच मुलांपैकी एकाच्या आईने मला जे सुनावलं, ते स्मरणिकेत छापण्यासारखं नाही. ती वहिनी समोरच बसली आहे आणि हसते आहे. वहिनी, तुमचं बरोबरच होतं.

यानंतर काही वर्षांनी मी ऑस्ट्रेलियात पर्थला भाच्याकडे गेलो होतो. शहरापासून जवळच डोंगर आहेत, तिथल्या कलामुंडा गावापासून बिबलमन ट्रॅक नावाची पायवाट सुरू होते आणि सुमारे एक हजार किलोमीटर चालत दक्षिणेला समुद्राकाठी अल्बनीला पोचते. झाडांवर, खांबांवर पिवळ्या त्रिकोणी पाट्या. त्यावर नागाची आकृती, तिथल्या मूळच्या नूंगार लोकांच्या श्रद्धेतला पाण्याचा सर्प. दर दिवसाच्या चालीवर तीन बाजूंनी बंद असा साधा निवारा, पावसाचं पाणी साठवणारी टाकी आणि एक वही. येणाऱ्याने नाव, तारीख, कुठून आलो, कुठे जाणार ते लिहायचं. कोणी हरवला तर शोध त्या वहीपासून सुरू होतो. पण मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ही वाट स्वयंसेवक सांभाळतात. एकेकाने एकेक तुकडा घेतलेला. निवृत्त माणसं, जोडपी. वर्षातून काही वेळा जायचं, पडलेली फांदी बाजूला करायची, पाटी पडली असेल तर कळवायची. बस्स, एवढंच.

तिथे पहिल्या निवाऱ्यावर बसून मला धनगरबाबांच्या आज्याच्या दगडांची आठवण झाली. दोन्हीकडे व्यवस्था एकच. फक्त तिकडे ती कागदावर आहे, आपल्याकडे ती एका म्हाताऱ्याच्या डोक्यात होती.

"होती" म्हणतो, कारण मागच्या दिवाळीत मी परत गेलो. बाबा आता नाहीत. त्यांचा नातू एमआयडीसीत कामाला जातो, मेंढरं विकली. चांगला मुलगा आहे, माझ्याबरोबर वर आला. पण त्याला वाट सापडेना. घाणेरीने अर्धी वाट गिळली आहे, खाली एका ठिकाणी तारेचं कुंपण आलं आहे. दगडांच्या चवडी आम्हाला दोनच सापडल्या. तीन पिढ्या टिकलेली वाट वीस-बावीस वर्षांत गेली. कोणी ती मोडली नाही. कोणी चाललं नाही, एवढंच झालं.

सभासदहो, आपण पंचवीस वर्षांत शिकलो ते काय? इमारत बांधणारा बांधून जातो. ती उभी राहते गच्चीचं वॉटरप्रूफिंग वेळेवर केल्याने. पायवाटेचंही तसंच आहे.

म्हणून रौप्यमहोत्सवानिमित्त माझा एक ठराव. डोंगरगण ते गोरक्षनाथ गड, एवढाच तुकडा आपल्या सोसायटीने दत्तक घ्यावा. मढीपर्यंतचं स्वप्न पुढच्या पिढीसाठी ठेवू. आधी त्या ग्रामपंचायतींना आणि वनखात्याला भेटून परवानगी घ्यायची. ज्याच्या शेतातून वाट जाते त्याला विचारायचं, नाही म्हणाला तर वळसा घालायचा. वर्षातून दोनदा जायचं, दसऱ्यानंतर आणि संक्रांतीच्या आसपास. पावसात धुकं असतं, उन्हाळ्यात वाळलेलं गवत पेटतं, दोन्ही टाळू. ऑइलपेंट कुठेही लावायचा नाही, देवळाला आणि गडाला तर मुळीच नाही. दगडावर दगड, एवढीच खूण. आणि सोबत त्या नातवाला न्यायचं, कारण वाट त्याच्या घरची आहे.

वॉचमनच्या टेबलावर एक वही ठेवू. डोंगरावर जाणाऱ्याने त्यात लिहायचं : कोण, कुठे, कधी परत येणार. माणशी दोन लिटर पाणी, शिट्टी, बॅटरी. आणि प्रत्येकाच्या खिशात गुळाचा खडा. हा नियम सी विंगच्या काकांच्या नावाने. ते आज आपल्यात नाहीत, पण त्या रात्रीनंतर सतरा वर्षं जगले आणि दर श्रावणात मला विचारायचे, "काय मास्तर, वाट माहीत आहे का?"

या वेळी मला खरोखर माहीत करून घ्यायची आहे. माझे गुडघे आणखी तीन-चार वर्षं चालतील. तेवढ्यात कोणीतरी शिकून घ्या. नावं सेक्रेटरींकडे द्या. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेपाचला गेटवर भेटू. वहिनी, तुम्ही या वेळी मुलाऐवजी नातवाला पाठवा. आणि भरवसा नसेल तर स्वतः या.