पाण्यावरची चूल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



'आमची मुले आणि त्यांचे नवे व्यवसाय' या विषयावर आम्ही बोलावे, असा आग्रह कार्यवाहांनी धरला, तेव्हा आम्ही प्रथम नकार दिला होता. त्याचे कारण आज आपणांपुढे सांगणे उचित ठरेल. मुलगा काय करतो, असे कोणी विचारले की गेली सहा वर्षे आम्ही 'शिपिंगमध्ये असतो' एवढेच उत्तर देत आलो. ते खोटे नव्हते, परंतु पुरते खरेही नव्हते. आमचा मुलगा एका धनिकाच्या विलासनौकेवर, म्हणजे यॉटवर, स्वयंपाकी आहे.

आम्ही कस्टम्स खात्यातले. नोकरीची बरीच वर्षे बंदरांत गेली. जहाज धक्क्याला लागले की शिडीने वर जावे, कप्तानाचे कागद तपासावेत, मद्य आणि सिगारेटच्या कोठाराला सील ठोकावे आणि खाली उतरावे, हा आमचा परिपाठ. वाटेत जहाजाचे स्वयंपाकघर लागे. त्याला 'गॅली' म्हणतात. तेथला माणूस चहाचा कप पुढे करी. त्या कोठारांतील बाटल्यांचा हिशेब आम्ही चोख ठेवला. चहा देणाऱ्याचा चेहरा मात्र एकदाही नीट पाहिल्याचे स्मरत नाही.

वास्तविक हा व्यवसाय आपल्या किनाऱ्याला परका नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर डेकवरील खलाशांत रत्नागिरीकडचे लोक पुष्कळ असत आणि खानपान विभागात गोव्याचे. खलाशांसाठी रांधणाऱ्यास 'भंडारी' म्हणत. बोटीवरून उतरलेले गोवेकर मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात आपापल्या गावाच्या 'कुडां'त राहत आणि पुढच्या बोटीची वाट पाहत. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर चूल पेटती ठेवली, त्यांच्याच किनाऱ्यावरचे आम्ही. तरी मुलाने हॉटेल मॅनेजमेंटचा अर्ज पुढे ठेवला तेव्हा आम्हांस लाज वाटली. 'बी.ए. होऊन आम्ही सरकारी नोकरीस लागलो, आणि तू लोकांसाठी रांधणार?' असे आम्ही बोलून गेलो. तो शांतपणे म्हणाला, 'बाबा, आई इतकी वर्षे रांधते आहे. तिला तुम्ही हे कधी विचारले नाहीत.' त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते.

काही वर्षांपूर्वी एक परदेशी यॉट कोचीस आली. कामानिमित्त आम्ही तिच्यावर गेलो आणि काम आटोपल्यावर, नोकरीत प्रथमच, गॅली दाखवण्याची विनंती केली. आमच्या घरातील स्वयंपाकघराहून ती फारशी मोठी नव्हती. शेगडीभोवती भांडी अडकवून ठेवणाऱ्या धातूच्या सळ्या, खटक्याशिवाय न उघडणारे खण, कापण्याच्या फळीखाली ओले फडके. समुद्र खवळला की पातेले अर्धेच भरायचे, आणि तळण तर करायचेच नाही. उकळते तेल उसळले तर पळण्यास जागा नसते. मुलाने फोनवर सांगितलेल्या गोष्टींचा अर्थ त्या दिवशी आम्हांस कळला.

मुलाच्या यॉटवर अधिकांत अधिक बारा पाहुणे असतात. त्याहून अधिक प्रवासी घेतले, तर नौकेस प्रवासी जहाजाचे कडक नियम लागू होतात. पाहुणे बारा, कर्मचारी पंधरा आणि स्वयंपाकी दोन. पाहुणे येण्यापूर्वी त्यांच्या आवडीनिवडींची यादी येते: एकास शेंगदाणा वर्ज्य, दुसऱ्यास दूध सोसत नाही, तिसऱ्यास मध्यरात्री आठवण येईल तो पदार्थ हवा. भर समुद्रात शेजारी जाऊन वाटीभर साखर मागण्याची सोय नाही. जे विसरले, ते विसरले.

उन्हाळा भूमध्य समुद्रात जातो, हिवाळा कॅरिबियन बेटांकडे. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तिकडे वादळांचा हंगाम असल्याने हा क्रम ठरलेला आहे. कॅनरी बेटांपासून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे २,७०० सागरी मैल. या प्रवासात पालेभाजी प्रथम संपवायची, मग टोमॅटो, शेवटी कोबी, गाजर आणि बटाटा. उष्टेखरकटेही वाटेल तेथे टाकता येत नाही. भूमध्य समुद्र आणि कॅरिबियन ही विशेष क्षेत्रे असल्याने तेथे अन्नाचा कचरा बारीक दळून, किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडेच टाकावा लागतो.

कायद्याशी आमचा जन्माचा संबंध, म्हणून हेही सांगतो. २००६ साली संमत झालेला सागरी कामगारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २० ऑगस्ट २०१३ पासून अमलात आला. भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. जहाजावरील माणसास अन्न विनामूल्य मिळावे, स्वयंपाकी प्रशिक्षित असावा, कोणत्याही चोवीस तासांत किमान दहा तास आणि सात दिवसांत किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती मिळावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे जगाने कागदावर मान्य केले आहे, की नौका केवळ इंजिनावर चालत नाही. तथापि पाहुणे असताना ते दहा तास पदरात पाडून घेणे किती कठीण असते, हे मुलाचा आवाज ऐकून आम्हांस समजते. पगार चांगला आहे. परंतु त्याची खोली दुसऱ्याबरोबर वाटलेली, खिडकी हातभर, आणि चार वर्षांत घरची दिवाळी एकदाच.

गेल्या रजेत तो आईच्या शेजारी वजनकाटा घेऊन उभा राहिला. सौ. गोडा मसाला करीत होती. तिने धन्याची मूठ उचलली की तो म्हणे, 'थांब'. मूठ काट्यावर रिकामी करवी, आकडा लिही आणि मग कढईत टाकू देई. ती हसून म्हणाली, 'अरे, माझ्या आईने मला आकडा कुठे दिला होता?' तो म्हणाला, 'म्हणूनच लिहितो.' पुढे गणेशचतुर्थीस त्याचा फोन आला. पाहुण्यांचे जेवण उरकल्यावर त्याने कर्मचाऱ्यांसाठी त्या मसाल्याची आमटी केली होती. इंजिनावरच्या माणसाने तिसऱ्यांदा वाटी पुढे केली, हे सांगताना त्याचा आवाज आम्हांस निराळा वाटला. आम्ही दूरध्वनी सौ.च्या हाती दिला, आमच्याने बोलवेना.

मित्रहो, या भाषणाच्या तयारीसाठी आम्ही मंडळाचे जुने वार्षिक अहवाल चाळले. अध्यक्षांची, कार्यवाहांची आणि देणगीदारांची नावे सालवार आहेत. गणेशोत्सवाच्या महाप्रसादास किती पाने उठली, तेही आहे. परंतु या पन्नास वर्षांत तो स्वयंपाक कोणी केला, हे एकाही अहवालात आढळले नाही. घरापासून शेकडो कोस दूर ज्या हातांनी आपल्याला वरणभात आणि मोदक मिळाले, ते हात आम्ही सर्वांनी मिळून निनावी ठेवले. जहाजावर आम्ही एकट्याने केले, तेच येथे आपण सर्वांनी केले.

म्हणून एक लहानशी सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो. ज्येष्ठ सभासदांच्या स्मरणात ती नावे अजून असतील. समितीने ती विचारून घ्यावीत आणि यंदाच्या अहवालापासून स्वयंपाक करणाऱ्यांची नोंद पदाधिकाऱ्यांच्या बरोबरीने व्हावी. आमच्यापुरता बदल आम्ही आजच करतो. मुलगा काय करतो, असे आपण यापुढे विचारलेत, तर उत्तर सरळ मिळेल: तो स्वयंपाकी आहे, आणि चांगला आहे.