मुलीचा कोपरा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाह बाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. भाषण असे मी कधी केलेले नाही. पण बाई म्हणाल्या, "तुम्ही घरात मुलीसाठी जे केलेत तेच सांगा. त्याला पदवी लागत नाही." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पोटात घाला.

विषय असा की, वयात आलेल्या मुलामुलींची खोली, भिंतींना रंग न लावता आणि थोड्या पैशांत कशी सजवावी. आता 'खोली' म्हटले की हसू येते. आपल्या बोरीवलीत कितीजणींच्या घरी मुलीला वेगळी खोली आहे? माझ्या घरी एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि नऊ बाय अकराची एक आतली खोली. त्या खोलीत एका बाजूला सासूबाईंची खाट आणि दुसऱ्या बाजूला मुलीची. आम्ही दोघे हॉलमध्ये. तेव्हा मी खोलीविषयी नाही, कोपऱ्याविषयी बोलणार आहे.

रंग का नको, ते आधी सांगते. आमचे घर भाड्याचे. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा नवा. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी करून नोंदवावा लागतो, आणि घर जसे घेतले तसे परत करायचे असे त्यात बहुधा लिहिलेले असते. मागच्या घरी मी चिकटवायचे हूक लावले होते. घर सोडताना हूक ओढला तर त्याच्याबरोबर तळहाताएवढा रंगाचा पोपडा आला. मालकांनी ते पैसे ठेवीतून कापून घेतले. पुष्कळ दिवस मला त्याचा राग होता. पण त्यातून एक शिकले. गोंद रंगाला घट्ट धरतो, रंगाने मात्र भिंतीला घट्ट धरलेले नसते. तुम्हीही परीक्षा करून पाहा. ओल्या बोटाने भिंत घासा. बोटाला पांढरी पूड लागली तर त्या भिंतीवर काहीही चिकटवू नका.

दुसरे कारण उजेडाचे. माझ्या मुलीला जांभळ्या भिंती हव्या होत्या. पण लहान खोलीला पांढरी भिंत हा दुसरा दिवाच असतो. खिडकीतून आलेला उजेड ती परत खोलीत टाकते. गडद रंग तो उजेड पिऊन टाकतो. तेव्हा आपल्या भिंती पांढऱ्या आहेत याचे वाईट वाटून घेऊ नका. रंग हवा असेल तर तो कापडात आणावा. कापड धुता येते, बदलता येते आणि घर बदलले तर गाठोड्यात बांधून नेता येते.

आता माझी चूक सांगते, कारण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

मुलगी नववीतून दहावीत गेली. रात्री अकरापर्यंत अभ्यास. सासूबाईंच्या डोळ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, त्यांना दिव्याचा त्रास होई. म्हणून मुलगी वही घेऊन जिन्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. शेजारणी विचारू लागल्या, "घरात भांडण झाले का?" मला फार लागले. एके दिवशी ती शाळेच्या सहलीला गेली, ती संधी साधून मी तिचा सारा कोपरा आवरला. गुलाबी चादर आणली, फुलाफुलांचे उशीचे अभ्रे आणले. खाटेखालच्या वह्या, कागद, डबे, सारे रद्दीत घातले. संध्याकाळी ती आली. तिने पाहिले आणि विचारले, "माझी निळी वही कुठे आहे?" त्या वहीत ती काहीबाही लिहीत असे. चित्रे काढत असे. मी रद्दीवाल्याकडे धावले, पण माल पुढे गेला होता. ती रडली नाही, बोलली नाही. जेवली आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसली. आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलली.

सासूबाई मला म्हणाल्या, "अगं, मी या घरात आले तेव्हा माझी अशी एकच वस्तू होती, माहेरची पत्र्याची पेटी. तिला तुझ्या सासऱ्यांनीही कधी हात लावला नाही. पोरीची पेटी तू फेकलीस."

मी मुलीजवळ गेले आणि म्हटले, "माझे चुकले. आता तूच सांग, तुला काय हवे?" मला वाटले, महागाची यादी येईल. तिने तीनच गोष्टी सांगितल्या. रात्री दिवा लावता यावा, वह्या कुणी हलवू नयेत, आणि कपडे बदलताना, फोनवर मैत्रिणीशी बोलताना साऱ्या घराने बघू नये. भगिनींनो, यात सजावटीचा शब्द तरी आहे का? म्हणून माझे पहिले सांगणे हेच की, बाजारात जाण्याआधी मुलांना विचारा.

आम्ही दोन हजार रुपये ठरवले. पैसे तिच्याच हातात दिले आणि हिशेब लिहायला सांगितले.

पहिले काम पडद्याचे. भिंतीला खिळा नाही, मग पडदा लटकवायचा कशाला? आपल्याकडे मच्छरदाणीसाठी खाटेला दांड्या बांधतात, तेच केले. खाटेच्या एका लांब बाजूच्या दोन पायांना दोन उभे बांबू सुतळीने आवळले, वर एक आडवा बांबू बांधला आणि त्याचे टोक खिडकीच्या गजाला बांधले. भिंतीला स्पर्शही नाही. पडद्यासाठी सासूबाईंनी आपले जुने निळे नऊवारी लुगडे दिले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. सात-सात फुटांचे तीन तुकडे काढले, बाजूबाजूने जोडले आणि वर नेफा शिवला. पन्हा जवळजवळ पावणेचार फूट, म्हणजे अकरा फूट रुंदीचा पडदा झाला. नऊ फुटांच्या बांबूवर थोड्या चुण्याही पडतात. उरलेल्या सहा फुटांत दोन अभ्रे आणि टेबलावरचे कापड झाले. एवढेच बघा की पडदा पंख्याच्या पात्यापासून चांगला दूर असावा आणि विजेचे बटण वा प्लग कापडाखाली झाकला जाऊ नये.

दुसरे टेबल. शेजारी घर दुरुस्त करत होते, त्यांच्याकडची उरलेली प्लायवूडची फळी त्यांनी आनंदाने दिली. सुताराकडून दोन घोड्या करून घेतल्या आणि फळी वर ठेवली. खाट आणि खिडकी यांच्यामधल्या तीन फुटांत ती बरोबर बसली. मुलगी उजव्या हाताने लिहिते, म्हणून खिडकी डाव्या हाताला येईल असे टेबल मांडले. नाही तर हाताची सावली अक्षरावर पडते. डावखुऱ्या मुलासाठी याच्या उलट करावे. बसायला माझी लग्नातली पत्र्याची पेटी, वर घडी केलेली गोधडी. त्या पेटीला तिने स्वतःचे कुलूप लावले. किल्ली तिच्याकडे. दुसरी किल्लीही तिच्याकडेच.

तिसरे पुस्तकांचे. आंब्याच्या लाकडी पेट्या पॉलिश पेपरने घासल्या, खिळे ठोकून आत वळवले आणि एकमेकींना सुतळीने बांधून आडव्या रचल्या. जड पुस्तके खाली, हलकी वर. आपल्याकडे नॅशनल पार्कच्या बाजूला पावसात बाहेरच्या भिंतीला ओल येते. म्हणून खाट, पेट्या, पुस्तके, काहीच भिंतीला टेकवू नये. चार बोटे जागा सोडावी. हवा खेळती राहिली की बुरशी धरत नाही.

आता भिंतीच्या शोभेचे. इथे मला आपल्याच गाडीच्या मार्गावरच्या बायकांची आठवण होते. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. त्या भागातल्या वारली बायका शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढत आल्या. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नाचा देवचौक सवाशिणींनी काढायचा, अशी त्यांची रीत. पुढे १९७० नंतरच्या दशकात हीच चित्रे कागदावर आली आणि गंजाड गावचे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते वारले. चित्र भिंतीवरून कागदावर आले म्हणून त्याचे मोल गेले नाही, उलट ते दूर जाऊ शकले. भाड्याच्या घरातल्या आपल्यासारखीला हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मुलीने वह्यांना घालतात तो खाकी कागद आणला आणि पांढऱ्या रंगाने चित्रे काढली. मी तिला म्हटले, चौक हा त्यांच्या देवाचा, तो शोभेसाठी काढू नकोस. तू आपले काढ. तिने आमचा जिना काढला, पायरीवर बसलेली मुलगी काढली, लोकलच्या दाराशी लटकलेली माणसे काढली, खाटेवर आजी काढली. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत सुतळी बांधून त्यावर कपड्यांच्या चिमट्यांनी ती लावली आहेत. कंटाळा आला की बदलते.

त्याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाड्या चालवल्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केले, मग कोसबाडला नेले. शिंपले, खडे, पाने, बिया, म्हणजे गावात फुकट मिळेल ते घेऊन त्यांनी मुलांना शिकवले. पैसा नाही म्हणून मुलांचे अडू नये, ही त्यांची शिकवण. आणि आपल्या कान्हेरीला तर आपण सहलीला जातोच. शंभराहून अधिक लेणी आहेत. छोट्या लेण्यात काय असते? निजायला दगडी ओटा, पुढे ओवरी आणि जवळ पाण्याचे टाके. एवढ्यात भिक्षूंचे वाचन-चिंतन झाले. जागा लहान असली तरी चालते, ती आपली असली पाहिजे.

आता हिशेब, मुलीच्या वहीतलाच वाचते. बांबू आणि सुतळी ३०० रुपये. टेबलावरचा एलईडी दिवा ३८०. खाकी कागद आणि रंग २१०. चिमटे आणि दोरी ७०. सुताराच्या घोड्या ५००. पॉलिश पेपर ४०. कुलूप ९०. आजीच्या खाटेशी एक छोटी सतरंजी २५०. ही सतरंजी तिने आपणहून आणली. एकूण १८४०. उरलेले १६० तिने मला परत आणून दिले. मी म्हटले, "नवी वही आण." तिने निळीच आणली.

एक अडचण राहिली होती ती यांची. पडदा पाहून हे म्हणाले, "घरात पडदा कशाला? आईबापांपासून काय लपवायचे आहे?" मला लगेच उत्तर देता आले नाही. सासूबाईच बोलल्या, "लपवायचे काही नसते रे, पण आपले म्हणून काही असते." हे दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले आणि पडद्याबाहेर उभे राहून त्यांनी हाक मारली, "येऊ का गं?" तेव्हापासून आमच्या घरी हा नियम झाला. पडदा ओढलेला असला की बाहेरून हाक मारायची. मी अजून विसरते. मग मुलगी म्हणते, "आई, हाक!"

तुम्ही विचाराल, याने मुले हाताबाहेर नाही का जाणार? माझा अनुभव सांगते. पूर्वी ती पायरीवर होती, आता दहा फुटांवर आहे. पूर्वी मैत्रिणीला घरी आणत नव्हती, आता आणते. कोण येते-जाते ते मला दिसते. आणि रात्री कधी कधी आपणहून पडदा सरकवून येते, माझ्या अंथरुणाशी बसते आणि दिवसभराचे सांगते. विचारून जे मिळत नव्हते ते न विचारता मिळू लागले.

मी सातवीनंतर शाळा सोडली, त्याला कारणे पुष्कळ होती. त्यातले एक हेही होते की, आठ माणसांच्या खोलीत माझे पुस्तक ठेवायला जागा नव्हती. रोज ते कुठे तरी सापडायचे, किंवा सापडायचे नाही. कुणाला दोष देत नाही. पण माझ्या मुलीचे पुस्तक ठेवलेल्या जागी सापडते, हे पाहिले की मला बरे वाटते.

दहावीचा निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल तो लागो. पुढच्या वर्षी करार संपला तर घरही बदलेल. तेव्हा सुतळ्या सोडायच्या, लुगड्याचा पडदा घडी करायचा, फळी आणि पेटी टेम्पोत घालायची. भिंती जशा होत्या तशा मालकांच्या हवाली करू आणि मुलीचा कोपरा बरोबर घेऊन जाऊ.

ज्या भगिनींना पडदा शिवायचा असेल त्यांनी लुगडे घेऊन माझ्याकडे यावे. माझ्याकडे शिलाई यंत्र आहे, दुपारी दोन ते चार मी घरीच असते. शिलाई घेणार नाही.